सोफ्याच्या पाठीचं कातडं

नात्यातलं कोणी नवं घर बांधलं की सोफा घ्यायला निघतं, आणि निघण्याआधी माझ्याकडे येतं. "तुमचं घराणंच कातड्यातलं. कोणतं घ्यावं ते सांगा." मी चहा मागवतो, पिकापाण्याचं विचारतो, आणि फारच लावून धरलं तर सांगतो, कापडाचा घ्या. म्हातारा तऱ्हेवाईक झाला असं म्हणत लोक उठतात. म्हणू द्या. सोफ्यासाठी मी आयुष्यात एकदाच कातडं निवडलं. ते इतकं चांगलं निवडलं की पुन्हा ते काम कोणी माझ्या गळ्यात घालू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या सात-आठ वर्षांतली. मूल आणि सिंदेवाहीच्या मधे, लहान गाडीच्या रुळापासून कोसभर आत आमचं गाव. गाव धानाचं आणि आमचं घर कातड्याचं. वस्ती नाल्याच्या काठी, आणि अशा बाजूला की वारा गावावरून आमच्याकडे यावा, आमच्याकडून गावात जाऊ नये. गावाचा वास आम्हाला चालत होता, आमचा गावाला चालत नव्हता. अंगणात तीन कुंडं होती, एक चुन्याचं आणि दोन सालीची. ऐनाची साल आणि हिरडा कुटून त्या पाण्यात कातडं महिना-दीड महिना मुरवायचं, हे आमचं आयुष्य. माझा बाप विहिरीच्या मोटा शिवायचा. त्यानं शिवलेल्या मोटेतून थेंब गळत नसे असं चार गावचे माळी सांगत.

मग विहिरींवर इंजिनं बसायला लागली. त्याच्या पाठोपाठ मोटारीच्या जुन्या टायरच्या वहाणा बाजारात आल्या. त्या दिसायला भिकार, पण झिजत नव्हत्या. दोन वर्षांत बापाकडे येणारी माणसं निम्मी झाली. त्याआधीच कधीतरी त्यानं मला नागपूरला कातडं कमावण्याच्या सरकारी शाळेत वर्षभर घातलं होतं. तिथून मी परत आलो तो उंटावरचा शहाणा होऊन. बापाला कुंडात साल किती टाकावी ते मी सांगत असे, आणि तो बिचारा ऐकून घेत असे. "शिकून आला आहे," असं तो लोकांना सांगे. माझी बायकोही तसंच समजत होती. खरं तर तिनं तसं समजायला नको होतं.

चांद्याच्या एका लाकडाच्या ठेकेदाराचं बोलावणं आलं ते उन्हाळ्याच्या शेवटी. ठेकेदारानं नागपुरात कोणा साहेबाच्या बैठकीत चामड्याचा सोफा पाहिला होता, आणि तेव्हापासून त्याच्या घरातल्या गाद्या-तक्क्यांना उतरती कळा लागली होती. सागाचा सांगाडा त्याच्याच डेपोतल्या लाकडाचा, तो सुताराने करून ठेवलाही होता. कातडं आम्ही द्यायचं आणि आम्हीच ठोकायचं. बाप आणि मी तीन-चार नमुने गुंडाळून गेलो. आम्हाला ओसरीपर्यंत येऊ दिलं. ठेकेदारीण बाई आतून सोफ्याचं एक छापील चित्र घेऊन आल्या आणि दुरूनच दाखवू लागल्या.

"आमच्या बैठकीत गाईचं कातडं चालणार नाही," त्या म्हणाल्या. "आधीच सांगून ठेवते. सासूबाई घर सोडून जातील."

"म्हशीचं देऊ बाई," बाप म्हणाला.

"म्हशीचं चालेल. पण म्हशीसारखं दिसायला नको."

बापानं माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी शहाण्यासारखी मान डोलावली.

बाईंच्या अटी पुढे वाढत गेल्या. रंग मुरलेल्या गुळासारखा हवा. हात लावला तर मऊ लागायला हवं. बसायच्या जागेला जोड चालेल, हातांना चालेल, पण सोफ्याची पाठ अखंड पाहिजे. दारातून येणाऱ्या माणसाची नजर आधी पाठीवर पडते. तिथे शिवण नको, निशाण नको, काही नको.

बापानं नमुने ओसरीवर पसरले. कातडं पाहताना तो बोलायला लागायचा. तेवढ्यापुरता तो वेगळाच माणूस व्हायचा. आमच्याकडे धानाच्या चिखलात बैलांबरोबर हेले, म्हणजे रेडेही, चालतात, आणि हे बहुतेक कातडं अशा राबलेल्या हेल्यांचंच. "हे पाहा बाई, इथी जू बसत होता. हे बारीक बारीक टोचे पराणीचे. मालक तापट अशीन. हा मोठा डाग तापल्या लोखंडाचा, एकदा मरता मरता वाचलं हे जनावर. हे गोचिडाचं."

"मला त्याची कुंडली नको आहे," बाई म्हणाल्या. "मला सोफा पाहिजे आहे. कोरं कातडं मिळत नसेल तर तसं सांगा, आम्ही कानपूरहून मागवू."

"मिळंल बाई," मी पुढे होऊन म्हणालो. बाप नमुने गुंडाळू लागला.

परतीच्या गाडीत त्यानं मला एकच सांगितलं. हा एक सोफा नीट बसला तर चांद्याच्या साहेबांच्या, वकिलांच्या बैठका आपल्याकडे येतील, कुंडं भरलेली राहतील. नाही बसला तर पुढच्या वर्षी तू कोळशाच्या खाणीत जा. त्यात धमकी नव्हती. उद्या बाजार आहे हे सांगावं तसं तो बोलला होता. मला खाण नको होती. कातडं मला मनापासून आवडत होतं, हे आज कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

मग शोध सुरू झाला. मूलचा बाजार पाहिला, सिंदेवाहीचा पाहिला. चामोर्शीच्या बाजाराला नदी ओलांडून गेलो. वरोऱ्याला एका व्यापाऱ्याच्या गोदामात दिवसभर ढिगारे उपसले; नाकात मीठ आणि चुना भरून दोन दिवस जेवण गेलं नाही. कोरं कातडं कुठेच नाही. म्हातारी म्हैस पाहावी तर जाड आणि खरबरीत, गेंड्याला शोभावी अशी. हेला पाहावा तर खांदा गेलेला. जंगलात चरणाऱ्या जनावराला काटे, तळ्यात बसणाऱ्याला जळवा, घरी बांधलेल्याला दाव्याचा घट्टा. आमच्या मुलखात जनावर चार वर्षं जगलं की अंगावर काहीतरी लिहून घेतंच. बसायच्या जागेचं आणि हातांचं कातडं आम्ही तुकडे जोडून जमवलं. पाठीचं काही केल्या जमेना.

मी रोज घरी येऊन चिडचिड करायचो, आणि बायको ऐकायची. ती तेव्हा विशीची असेल. आमची पहिली मुलगी दोन वर्षांपूर्वी सव्वा महिन्याची होऊन गेली होती. बायकोला दूध उतरलं नव्हतं, आणि गावात दूध देणारं घर आमच्या वस्तीत दूध द्यायला तयार नव्हतं. शेळीच्या दुधावर, तांदळाच्या पेजेवर पोर जेवढी जगायची तेवढी जगली. त्यावर कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे अशा गोष्टींवर बोलायची पद्धत नव्हती. पण सासऱ्यांनी ते मनात धरलं. ते चामोर्शीकडचे. पोर गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एक वर्षा-दीड वर्षाची वगार, म्हणजे म्हशीची कालवड, घेऊन ते पायी निघाले. वैनगंगेत तिला पोहत पार केलं आणि स्वतः तिची शेपटी धरून आले. दारात उभे राहून लेकीला म्हणाले, "पुढच्या खेपेले दूध कोनाले मांगाचं नाई."

ती वगार बायकोनं कशी वाढवली ते सगळ्या गावानं पाहिलं आहे. गुराख्याकडे तिनं तिला एक दिवस सोडली नाही, कारण गुराखी काठी मारतात. स्वतः तळ्यावर न्यायची, स्वतः आणायची. गोचीड दिसली की करंजाचं तेल लावून बोटानं काढायची. मानेला दोर घासू नये म्हणून दाव्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची. बाया हसायच्या, "म्हशीले न्हाऊ घालते, नवऱ्याले पाणी तापवून देत नाई." ती म्हणायची, "नवरा थोडाच दूध देऊन राह्यला?" ज्या वर्षी सोफ्याचं काम आलं त्याच वर्षी वगार पहिल्यांदा गाभण राहिली. बायको बोटांवर महिने मोजायची. तिच्या मनात त्या महिन्यांपलीकडे काय होतं ते मला ठाऊक होतं.

श्रावणात एका सकाळी वगार उठली नाही. गळ्याखाली सूज आली होती, तोंडातून लाळ, आणि श्वासाला अशी घरघर की अंगणातून ऐकू यावी. घटसर्प. आसपासच्या दोन गावांत आठवडाभर म्हशी मरतच होत्या. बाप त्या दिवशी साल आणायला गेला होता. बायकोनं कोणाला न विचारता जंगलाकडच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याला निरोप धाडला. तो गोंड म्हातारा ढोरांना डाग द्यायचा. घटसर्पाला तापल्या लोखंडाचा डाग हा आमच्याकडचा एकच उपाय होता, आणि त्याचा हात चांगला असं सगळे मानत. तो आला, गोवऱ्या पेटवल्या, त्यात लोखंडी सळई खुपसली, आणि वगारीजवळ बसून तिच्या अंगावरून हात फिरवू लागला. एक डाग गळ्यावर, मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांनी तीन-तीन, असं तो बोटानं दाखवत गेला.

त्याची एक रीत होती. जनावराच्या मालकानं तोंडानं 'दे' म्हटल्याशिवाय तो सळई उचलत नसे. दुखणं द्यायचं ते मालकाच्या नावानं, आपल्या नावानं नाही, असं तो म्हणे. वगार बायकोची होती. त्यानं तिला विचारलं, "बाई, देऊ?"

ती माझ्याकडे वळली.

"तुमी शिकून आले," ती म्हणाली. "तुमीच सांगा. देऊ देऊ का?"

मी म्हणालो, "नको. डागानं काई होत नाई. फुकटची जळंल. मी ढोरायच्या डाक्टरले आनतो."

आता खरं सांगतो. डागानं घटसर्प बरा होत नाही हे मी शाळेत ऐकलं होतं आणि ते खरं आहे. पुढे मला ढोरांच्या दोन डॉक्टरांनी तेच सांगितलं. सुई वेळेवर मिळाली तरच जनावर वाचतं, सळईनं नाही. माझ्या बोलण्यात एक शब्द खोटा नव्हता. पण म्हातारा पाठीवर बोट फिरवत होता तेव्हा मी वगारीकडे पाहत नव्हतो, तिची पाठ पाहत होतो. तीन आणि तीन, सहा पट्टे, बरोबर जिथून सोफ्याची पाठ कापली गेली असती तिथे. हा विचार आधी आला आणि शाळा मागून आठवली. उलट झालं असतं तर मी हा कागद लिहायला बसलोच नसतो. लोक म्हणतील की म्हाताऱ्या, इतक्या वर्षांनी आधी काय आणि नंतर काय ते कोणाला आठवतं? मला आठवतं.

ती म्हाताऱ्याला म्हणाली, "हे नाई म्हनतात, तं राहू दे."

मी सायकलवर तालुक्याच्या गावी गेलो. खरोखर गेलो, चिखलात दोनदा पडलो. डॉक्टर दुसऱ्याच गावाला, तिथल्या म्हशींना सुया द्यायला गेले होते. मी तिथे जायला हवं होतं, आणखी चार कोस. मी गेलो नाही. शिपायाजवळ निरोप ठेवला आणि परत फिरलो. दुपार कलली तेव्हा घरी पोचलो. वगार गेली होती. बायको तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. म्हाताऱ्यानं विस्तव तेवता ठेवला होता, न जाणो बाईचं मन बदललं तर, म्हणून. मला पाहून त्यानं सळई पाण्यात बुडवली आणि आपल्या वाटेनं गेला.

घरच्या दावणीचं जनावर घरच्या सुरीखाली जात नाही, हा आमच्या लोकांचा कायदा. दिवसभर मेलेली ढोरं सोलणारी आमची जात, पण ज्याला आपण हातानं चारलं त्याला आपण सोलत नाही. ते शेजारच्या गावच्या आपल्या लोकांना द्यायचं, त्यांचं आपण घ्यायचं. बायकोला तेही नको होतं.

"पुरा तिले," ती म्हणाली. "कोनाले देऊ नका. पुरा."

"पुरतो," मी म्हणालो.

नाल्याच्या पलीकडे मी खड्डा खणला. दिवस अजून होता. मी खड्डा पुरेसा खोल खणला, मग कंबरेची सुरी काढली. माझा हात थरथरला असेल असं तुम्हाला वाटत असेल. थरथरला असता तर कातड्याला चिरा गेल्या असत्या. एकही गेली नाही. तेवढं सफाईचं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. पोटात पिल्लू होतं. त्याच्यासकट तिला खाली ठेवलं आणि माती लोटली. कातडं ओल्या पोत्यात गुंडाळून मागच्या बाजूनं आणलं आणि चुन्याच्या कुंडात इतर कातड्यांच्या तळाशी घातलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं त्या मातीवर हळदकुंकू वाहिलं आणि भाताचा एक घास ठेवला. मी शेजारी उभा होतो. हात जोडले.

बापाला तीन दिवसांनी कळलं. कुंडातली कातडी तो स्वतः खालीवर करायचा. तळाचं वर आलं, त्याचा हात त्यावरून गेला आणि थांबला. बापानं जन्मभर हातानं कातडी वाचली होती, त्याला डोळ्यांची गरज नव्हती. मी वाट पाहत होतो की आता हा सळई घेऊन मला बदडेल. त्यानं कातडं तसंच पाण्यात परत सोडलं. "चुन्यात जास्त ठेवू नको," म्हणाला, "कवळं आहे." आणि वहाण शिवायला बसला. त्या दिवसापर्यंत मला बापाबद्दल वाटायचं की हा अडाणी असला तरी सरळ आहे. मी त्यालाही खाली ओढलं, ही त्यातली आणखी एक कमाई. पोटाचा प्रश्न होता हे खरं. पण पोटाचा प्रश्न घराघरात होता, आणि घराघरात असं केलं जात नव्हतं.

कातडं उतरलं ते मात्र पाहण्यासारखं. सालीच्या पाण्यातून निघालं तेव्हाच त्याची जात कळली. रंग एकसारखा धरला, मुरलेल्या गुळाचा. कुठे पराणीचा टोचा नाही, गोचिडाचा खड्डा नाही, दोराचा घट्टा नाही. म्हशीचं असून म्हशीचं वाटत नव्हतं. ठेकेदारीण बाईंनी जे मागितलं ते अगदी शब्दाला शब्द तयार झालं होतं. मला भयंकर आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून स्वतःचा इतका राग आला की मी दिवसभर कोणाशी धड बोललो नाही.

शेवटचं तेल चोळायचं काम आमच्याकडे बायकांचं. तळहातानं, आडवं-उभं, कातडं तेल पिऊन कोमट लागेपर्यंत. बाकीची कातडी बायकोनं चोळली. पाठीचं मी माझ्याकडे ठेवलं होतं. तिला सांगितलं की हे नाजूक आहे, मीच करीन. पण दिवाळी तोंडावर आली होती, ठेकेदाराचा माणूस येऊन बसला, आणि मला बसायच्या जागेचं कातडं ठोकायला दोन दिवस चांद्याला जावं लागलं. जाताना मी ते उतरंडीमागे ठेवलं होतं. परत आलो तर ते अंगणात खाटेवर पसरलेलं, आणि बायको करंजाच्या तेलाची वाटी घेऊन त्यावर वाकलेली. काम राहून जाऊ नये म्हणून तिनं शोधून काढलं होतं. बापानं तिला अडवलं नव्हतं, कारण काय सांगून अडवणार?

मी दारातच थांबलो. ती पाठमोरी नव्हती, तिनं मला पाहिलं. हात चालूच होता. मानेकडून पाठीकडे, पाठीकडून पुन्हा मानेकडे. मग हात हळू झाला. एखादी वस्तू हरवली आहे आणि अंधारात चाचपून पाहावी, तसं तिनं आधी खांद्याची जागा चाचपली, मग कुशीची, मग मानेची. तिचं माहेर कातड्याचं. लहानपणापासून तिच्या हाताखालून शेकडो कातडी गेली होती, आणि प्रत्येकावर कुणाच्या ना कुणाच्या काठीची खूण होती. या एकावर नव्हती.

"हिले कोनी कधी मारलं नाई," ती म्हणाली.

  व्यापाऱ्याकडून आणलं, वरोऱ्याहून आणलं, असं सगळं तोंडात तयार होतं, आणि एकही बाहेर आलं नाही.

"दोरबी नाई लागू दिला," ती म्हणाली, पण ते मला उद्देशून नव्हतं.

तिनं वाटीत बोटं बुडवली आणि उरलेलं अर्धं कातडं चोळून पूर्ण केलं. तेवढंच सावकाश, कडा आणि कोपरेसुद्धा. मला वाटलं होतं ती ओरडेल, वाटी फेकेल, माहेरी निघून जाईल. यातलं काही तिनं केलं असतं तर मला कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली असती. काम संपवून तिनं हात राखेनं धुतले आणि चुलीकडे गेली. त्या दिवसानंतर, एक वेळ सोडली तर, तिनं मला कधीच काही विचारलं नाही. भाजी कोणती करू हेसुद्धा नाही. पुढे पोरं झाली, त्यांना ताप यायचा, खोकला यायचा. ती माझ्या बापाला विचारायची, शेजारणीला विचारायची. मी समोर बसलेला असायचो.

दिवाळीच्या चार दिवस आधी पाठ बसवायला बाप आणि मी गेलो. या वेळी बैठकीत येऊ दिलं, कारण आमच्याशिवाय ते ठोकणार कोण? पितळी खिळे ओळीनं मारत आणलं. ते काम संपलं आणि आम्ही दोघं मागे सरकलो. खरंच सुरेख दिसत होतं. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या पाठीवर कुठेही अडत नव्हतं. ठेकेदारीण बाई आल्या. जवळ आल्या, वाकल्या, बोट लावलं. "हां," म्हणाल्या. "असं पाहिजे होतं." बापाच्या चेहऱ्यावर मी कितीतरी महिन्यांनी हसू पाहिलं.

मग आतून सासूबाई आल्या. त्यांनी पदर नाकाला लावला आणि दारातूनच सांगितलं की कातड्याला त्यांची पाठ लागणार नाही, मग ते गाईचं असो की रेड्याचं. बाईंनी मान डोलावली. त्यांची तयारी होती. कपाटातून त्यांनी एक पांढरी खोळ काढली, कडेला निळी वेल काढलेली, मापानं शिवून ठेवलेली. नोकराला हाक मारली. दोघांनी मिळून ती वरून चढवली, खालून नाड्या बांधल्या. "धूळ बसायला नको," बाई आम्हाला म्हणाल्या. "इतकं महागाचं काम."

आम्ही हातोड्या गोळा केल्या. मी विचारलं, पाहुणे आले की काढाल ना? त्या हसल्या आणि म्हणाल्या, धुवायला काढू की. पुढे दोन-चार वर्षं कसल्या ना कसल्या कामानं त्या घराच्या ओसरीवर मी गेलो. दारातून सोफा दिसायचा. कधी निळ्या वेलीची खोळ, कधी गुलाबी फुलांची. कातडं मी पुन्हा पाहिलं नाही. कोणाच्या नजरेस न पडलेल्या सोफ्यामुळे दुसऱ्या कोणाची बैठक आमच्याकडे आली नाही, हे सांगायला नकोच. मी पुढच्याच वर्षी खाणीत गेलो.

पाठ बसवली त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परतलो. बाप वाटेत तळ्यावर थांबला, मी एकटा घरी आलो. बायको धान पाखडत होती. मी पाय धुतले, बसलो. आता ती मला काही विचारणार नाही हे मला तोवर समजून चुकलं होतं. पण त्या दिवशी तिनं विचारलं. सूप खाली ठेवून, माझ्याकडे न बघता.

"पाह्यलं का त्याइनं?"

त्या एवढ्यावर ती तगून आहे, हे मला त्या क्षणी दिसलं. निदान कोणीतरी ती पाठ पाहील, त्या पाठीवर कधी कोणी काठी उगारली नाही हे कोणाच्या तरी लक्षात येईल, एवढंच तिचं उरलं होतं.

"पाह्यलं," मी म्हणालो. "घरातले सारे येऊन पाहून गेले."

"काय म्हनलं?"

"असं कातडं कोठीच पाह्यलं नाई म्हनले. समोरच ठेवलं आहे. दारातून गेलं की तेच दिसते."

तिनं मान डोलावली. मग उठून ताट केलं, आणि मी जेवलो.